वहीच्या मागच्या पानावरचे गाणे



मुंबईला आल्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी जुहूची चौपाटी पाहिली असेल. भेळ खाल्ली असेल, वाळूत पाय बुडवून समुद्राकडे पाहत बसला असाल, आणि एखाद्या सिनेनटाच्या बंगल्यासमोर घटकाभर उभेही राहिला असाल. मी याच भागात राहतो आणि जवळच्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. संध्याकाळी फिरायला गेलो, की चौपाटीवर एक दृश्य मला वरचेवर दिसते. भेळेच्या गाड्यांपासून जरा दूर आठ-दहा मुले रिंगण करून उभी असतात. एकजण तोंडानेच ढोल-टाळीचा आवाज काढतो, नाहीतर कोणाच्या तरी मोबाइलवर ठेका चालू असतो. मग एकेक मुलगा पुढे येतो आणि हातवारे करीत, जवळजवळ एका दमात, दहा-वीस ओळी म्हणून जातो. गाणे म्हणावे तर त्यात सूर फारसा नाही. भाषण म्हणावे तर ते तालाला घट्ट बांधलेले. येणारे-जाणारे क्षणभर थबकतात आणि "काय बडबडतायत ही पोरं!" असे म्हणून पुढे चालू लागतात.

मीही पुष्कळ दिवस असाच पुढे जात असे. आज त्या बडबडीविषयीच मला चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण ती आता जुहूपुरती किंवा मुंबईपुरती राहिलेली नाही. आपल्या गावच्या एस.टी. स्टँडवर किंवा पारावर, कानात बोंडे घालून, मान हलवीत, स्वतःशीच पुटपुटणारा एखादा मुलगा आपणही पाहिला असेल. त्याला काही झालेले नाही, बरं का! तो रॅप करतो आहे.

हे रॅप म्हणजे आहे तरी काय? तालावर बोलून म्हटलेली यमकबद्ध रचना, असे सोप्या शब्दांत म्हणता येईल. ज्या मोठ्या चळवळीचे ते एक अंग आहे, तिला हिप-हॉप म्हणतात. रॅप म्हणणे, तबकड्या फिरवून संगीत वाजवणे, अंगाला झोले आणि गिरक्या देत केलेले ब्रेक नृत्य आणि भिंतीवरची रंगीत अक्षरचित्रे, ही तिची चार अंगे. तिच्या जन्माची तारीख सांगण्याची पद्धत आहे: 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या सभागृहात एका मुलीने नाचगाण्याचा छोटा कार्यक्रम ठेवला. कशासाठी? तर शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून! तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क या नावाने ओळखू लागले, तो तबकड्या वाजवीत होता. गाण्यात शब्द थांबून नुसता ताल वाजतो, तो तुकडा नाचणाऱ्यांना फार आवडतो, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवीत राही. त्या लांबवलेल्या तालावर कोणीतरी बोलू लागले, बोलण्यात यमक आले, आणि रॅप उभे राहिले. ब्राँक्स ही त्या काळी गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांची वस्ती होती. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी आपल्या आवाजाचेच वाद्य केले, एवढे आपण ध्यानात ठेवू या. पुढे या कलेला मोठा मानही मिळाला. 2018 साली केंड्रिक लामार या रॅप गायकाला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेक नृत्याची स्पर्धाही झाली.

मुंबईत ही कला आली ती आधी कॅसेटवरून, मग दूरचित्रवाणीवरून आणि शेवटी मोबाइलवरून. 1990 नंतरच्या दशकात हिंदीतून रॅप ऐकू येई, पण ते बरेचसे गमतीचे असे. खरा पालट झाला तो उपनगरांतील गल्ल्यांतून. अंधेरीच्या जे.बी. नगरमध्ये वाढलेला व्हिव्हियन फर्नांडिस 'डिव्हाइन' या नावाने म्हणू लागला. कुर्ल्याच्या नावेद शेखने 'नेझी' हे नाव घेतले आणि 2014 साली घरच्या आयपॅडवर 'आफत' हे आपले गाणे तयार करून लोकांपुढे ठेवले. 2015 साली दोघांनी मिळून 'मेरे गली में' हे गाणे केले. त्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यांची नक्कल नव्हती. आपलीच गल्ली, आपलीच मुंबईची हिंदी होती. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट 2019 च्या फेब्रुवारीत आला आणि रॅप हा शब्द घराघरात पोचला. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत वाढलेला एम.सी. स्टॅन 2023 साली 'बिग बॉस' जिंकला, तेव्हा तर खेड्यांतल्या आजीबाईंनाही त्याचे नाव ठाऊक झाले.

मराठीही यात मागे नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटात मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत म्हणणारी मुले एकत्र आली. त्यांनी 2019 साली आरे वसाहतीतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह वारल्यांच्या जमिनीविषयी आणि जंगलाविषयी गाणे केले. याच गटातला धर्मेश परमार, 'तोड फोड' या नावाने गुजरातीत म्हणणारा उमदा मुलगा, 2022 च्या मार्चमध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ढंगात म्हणतो आणि तरुण मंडळी तो ढंग डोक्यावर घेतात. 2024 साली क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे एका डच कंपनीने प्रसिद्ध केले आणि ते परदेशातल्या नाचघरांतही वाजले. तात्पर्य, बोलीत म्हटलेले बाहेर चालत नाही, ही समजूत या मुलांनी खोटी पाडली आहे.

आता मी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती सांगावयास मला संकोच वाटतो. परंतु श्रोत्यांत शिक्षक बंधुभगिनी पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी मात्रावृत्ते शिकवीत होतो. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा काढल्या होत्या. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून बोटांनी बाकावर ताल धरीत होता आणि वहीत काहीतरी लिहीत होता. जुहूच्या कोळीवाड्यातला मुलगा. आई मासळी विकणारी. मी दोनदा हाक मारली, त्याचे लक्ष नव्हते. मला राग आला. वही हिसकावून घेतली, त्याला वर्गाबाहेर काढले, आणि "गाणी लिहायची असतील तर चौपाटीवर जा" असेही बोललो. वर्ग हसला.

रात्री घरी ती वही चाळली. पुढच्या भागात 'माझी आई' हा निबंध होता. आई म्हणजे ममतेचा सागर, आई म्हणजे दिव्याची ज्योत, असा तो गाइडातून उतरवलेला. खाली माझीच लाल शाई होती: दहापैकी सात गुण आणि 'छान' असा शेरा. मग वही उलटी केली. मागच्या पानापासून रॅप सुरू होत होते. त्यातही आईच होती; पण ती पहाटे बर्फ आणि पाटी घेऊन निघणारी, कोयत्याने सुरमई कापताना गिऱ्हाइकाशी भांडणारी, रात्री हाताला वास येतो म्हणून मुलाच्या तोंडावरून हात फिरवायला कचरणारी. सगळे कोळी बोलीत. आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने बारीक ठिपके दिलेले होते. आधी मला त्यांचा उलगडा होईना. मग बोटांनी टेबलावर ताल धरून वाचले आणि ध्यानात आले, की मुलाने मात्रा मोजल्या आहेत! ज्या गोष्टीसाठी मी वर्गात घसा कोरडा करीत होतो, ती माझ्या वर्गात एकटाच मुलगा खरोखरी करीत होता. आणि त्यालाच मी बाहेर काढले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून वही परत दिली आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्याने विचारले, "शुद्धलेखनाच्या चुका खूप आहेत ना, सर?" मी म्हटले, "ते राहू दे. वर्गात म्हणून दाखवशील का?" तो खाली पाहत म्हणाला, "नको, सर. हे इथं चालत नाय."

श्रोतेहो, 'हे इथं चालत नाय' हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. त्याला ते कोणी शिकवले? मीच शिकवले होते. खोट्या आईला सात गुण देऊन मी त्याला सांगितले होते, की तुझी खरी आई वहीच्या मागच्या पानावर ठेव.

पुढे त्याच मुलाकडून मी या कलेचे थोडेसे व्याकरण समजून घेतले. ते येथे सांगतो. रॅपमध्ये चार ठोक्यांचा एक 'बार' धरतात. आपल्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे असे दोन बार समजावेत. असे सोळा बार झाले, की एक कडवे होते. मिनिटाला नव्वद ठोके या गतीने सोळा बार म्हणावयाचे, म्हणजे चौसष्ट ठोके, पाऊण मिनिटाच्या आतच संपतात. एवढ्या वेळात प्रसंग उभा करावयाचा, यमके जुळवावयाची, श्वास कोठे घ्यावयाचा हे ठरवावयाचे, आणि शब्द स्पष्ट ऐकू यावयाचे. एकदा करून पाहा! मी घरी दार लावून पाहिले. चौथ्या बारालाच धाप लागली.

मराठीत तर एक खास अडचण आहे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे गेला-आला, बसला-हसला, करते-मरते अशी यमके फुकट मिळतात आणि फुकटची वस्तू लवकर कंटाळा आणते. म्हणून चांगला मुलगा वाक्य फिरवतो, नाम शेवटी आणतो, ओळीच्या पोटात दुसरे यमक लपवतो. हे करता करता त्याला भाषेचे अंतरंग कळू लागते. व्याकरणाच्या तासाला जांभई देणारा मुलगा एका शब्दासाठी रात्र जागवतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेहून उसने आणलेले. आपले यात काय आहे? उसने आणले हे खरेच आहे. चौपाटीवरची मुले शाहिरांकडून शिकलेली नाहीत, आणि ओढूनताणून तसे नाते लावण्याचे कारण नाही. परंतु ज्या गरजेतून ही कला तिकडे जन्मली, ती गरज आपल्याकडेही होती. कोकणातल्या श्रोत्यांनी शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या ऐकल्या असतील. दोन पक्ष समोरासमोर, एकाने टोमणा मारावा, दुसऱ्याने त्याच तालात उत्तर द्यावे, आणि रात्रभर लोकांनी कौल द्यावा. रॅपची मुले ज्याला 'बॅटल' म्हणतात, ते याहून फार निराळे नाही. फरक एवढाच, की आपल्या शाहिराला पुराणातले कूट सोडवावे लागे, गुरूचे नाव घ्यावे लागे; ही मुले एकमेकांच्या अंगावरच जातात.

आणि शिक्षकांनी तर अण्णा भाऊ साठे यांचे स्मरण अवश्य ठेवावे. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा हा माणूस लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आला. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक काढले. घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत राहून 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. जुहूप्रमाणे घाटकोपरही मुंबईचे उपनगरच. आज आपण त्यांचे साहित्य महाविद्यालयांत शिकवतो, त्यावर प्रश्नपत्रिका काढतो. पण अण्णा भाऊंची शाळा किती दिवसांची होती? दीड दिवसाची! शाळेने त्यांना दीड दिवसात घालवले, आणि पुढे पुस्तकात घालून परत आणले. ते परत आले, कारण ते अण्णा भाऊ होते. जे परत आलेच नाहीत, त्यांची गणती कोण करणार?

आता या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच रॅप चांगले असते असे मुळीच नाही. पुष्कळ गाण्यांत नुसती बढाई असते: माझी गाडी, माझी साखळी, माझ्यापुढे कोण उभा राहतो! शिव्या तर मिठासारख्या नव्हे, भातासारख्या वाढलेल्या असतात. स्त्रियांविषयी हीन बोलले जाते, नशेची ऐट मिरवली जाते. गावात राहून, बापाच्या शेतात काम करून, गाण्यात मात्र मुंबईच्या झोपडपट्टीतला गुंड असल्याचा आव आणणारी मुलेही आहेत. हे गाइडातल्या निबंधासारखेच झाले: तेथे ममतेचा सागर उसना, येथे पिस्तूल उसने. परंतु यावर बंदी हा उपाय नव्हे. मुलाला एवढेच विचारावे, "हे तू पाहिलं आहेस का? मग पाहिलेलं का लिहीत नाहीस?" खोटेपणा दाखवून दिला, की मुले आपण होऊन लाजतात.

दुसरी काळजी पोटापाण्याची. मोबाइलवर गाणे चढवले म्हणजे पैसा आणि कीर्ती दाराशी येते, असा काहींचा समज असतो. हजारांत एखाद्याचे तसे होते. म्हणून शिक्षण किंवा धंदा सोडून यामागे लागू नये, हे वडीलधाऱ्यांनी प्रेमाने सांगावे. तसेच कोणी कागद पुढे करून सही मागितली, तर तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीत लिहिणाऱ्याला आणि संगीत करणाऱ्याला त्या कृतीच्या उत्पन्नात वाटा मिळण्याचा हक्क दिलेला आहे. हा हक्क ठाऊक नसल्याने मुले फसतात. ठेक्याचे संगीत दुसऱ्याचे असेल तर त्याचीही परवानगी घ्यावी लागते, हेही त्यांना सांगावे.

शेवटी माझ्या शिक्षक मित्रांना एक छोटी विनंती आहे. महिन्यातून एक तास मोकळा ठेवावा. यंत्र नको, वाद्य नको. बाकावर बोटांनी धरलेला चार ठोक्यांचा ताल पुरे. मुलांना सांगावे, की आपल्या गावातली पाहिलेली एक गोष्ट, बाजार, विहीर, ऊसतोड, शाळेची वाट, काहीही, आठ ओळींत म्हणा. अटी तीनच. घरात बोलता त्या बोलीत म्हणा, मग ती अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो की आगरी. ओळीच्या शेवटी क्रियापदाचे यमक आणू नका. आणि जे आईसमोर म्हणवणार नाही, ते येथेही म्हणू नका. मुलींनाही तेवढीच पाळी द्या. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांच्या या नाती आहेत, त्या मागे राहणार नाहीत. तास संपल्यावर प्रमाण मराठीही शिकवाच. ती मुलांना लागणारच आहे. पण तिच्यासाठी घरची बोली दाराबाहेर ठेवावी लागते असे त्यांना वाटू देऊ नका.

मी हा तास सुरू केला तो त्या मुलाने वही परत नेल्यानंतर. त्याने स्वतः मात्र वर्गात कधीच म्हटले नाही. बारावी होऊन तो गेला. आता एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे आणि सुट्टीच्या संध्याकाळी चौपाटीवरच्या रिंगणात उभा असतो. मध्यंतरी मी तिथून जात असताना त्याची पाळी होती. आईचेच गाणे होते. पूर्वीपेक्षा पुष्कळ घोटलेले, बांधीव. मी थांबलो आणि शेवटपर्यंत ऐकले. संपल्यावर त्याने मला पाहिले, ओळखले आणि जरा हसून म्हणाला, "सर, इथं चालतं."

ते आपल्याही वर्गांत चालावे, एवढेच मला आज सांगावयाचे होते.